काचेच्या समुद्रात कोण कोणाशी नांदेल?

दोस्तांनो, अंबाजोगाईहून समुद्र किती लांब आहे सांगा पाहू? नकाशावर पट्टी ठेवून मोजलंत तर सरळ रेषेतसुद्धा साडेतीनशे किलोमीटरांच्या वर अंतर भरतं! बालाघाटाच्या डोंगरावरचं आपलं गाव. उन्हाळ्यात इथे प्यायच्या पाण्याची ओढ. अशा ठिकाणी समुद्राची गोष्ट कुठून काढली, असं तुम्ही म्हणाल. पण योगेश्वरीच्या दर्शनाला थेट कोकणातून माणसं येतातच ना? कोकणातल्या कितीतरी घरांची ती कुलदेवता. तसाच समुद्राचा एक छोटासा तुकडा काचेच्या पेटीत बसून आपल्या घरी आला तर?

येऊ शकतो. गोड्या पाण्यातले गप्पी, मोली, गोल्डफिश तर तुमच्या ओळखीचेच आहेत. पण प्रवाळांच्या खडकांत राहणारे रंगीबेरंगी समुद्री मासेही घरच्या टाकीत ठेवता येतात. त्यासाठी हौस हवी, धीर हवा आणि आणखी एक गोष्ट हवी. कोणते मासे एकत्र ठेवायचे आणि कोणते नाहीत, याची नीट निवड. बहुतेक टाक्या फसतात त्या इथेच. दुकानात गेलं की निळा आवडतो, पिवळा आवडतो, पट्ट्यापट्ट्यांचा तर फारच आवडतो. पाच-सहा पिशव्या घरी येतात आणि पंधरा दिवसांत टाकीत एकच मासा उरतो. बाकीचे कुठे गेले? काही मारामारीत, काही उपासमारीने आणि एखादा चक्क शेजाऱ्याच्या पोटात!

आधी पाणी, मग मासे

निवडीकडे वळण्याआधी पाण्याचं गणित थोडक्यात पाहू. आपण एक छोटी टाकी धरू. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच. तिच्यात काठोकाठ सत्तर लिटर पाणी मावतं. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर खरं पाणी भरतं साठ लिटरांच्या आसपास.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे साठ लिटरला दोन किलोंहून थोडे जास्त. पण म्हणून स्वयंपाकघरातल्या डब्यातलं मीठ टाकून चालत नाही बरं का! समुद्रात मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम अशी कितीतरी द्रव्यं असतात. ती सगळी योग्य प्रमाणात मिसळलेलं मत्स्यालयाचं खास मीठ मिळतं, तेच वापरायचं. पाणीही बोअरचं जड पाणी नको, क्लोरीन घातलेलं नळाचंही नको. आरओ यंत्रातून आलेलं हवं.

पाणी तयार झालं तरी मासे लगेच सोडायचे नाहीत. मासे कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं अन्न कुजलं तरी अमोनियाच तयार होतो. तो माशांना विष. पण दगडांवर आणि वाळूत काही उपयोगी जिवाणू वाढतात. ते अमोनियाचं रूपांतर नायट्राइटमध्ये करतात आणि त्याचं पुढे नायट्रेटमध्ये. नायट्राइटही विषारीच, पण नायट्रेटचा त्रास बराच कमी. दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की तेही आटोक्यात राहतं. ही जिवाणूंची फौज उभी राहायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात. तोवर टाकी रिकामी! हा वेळ वाया मात्र घालवायचा नाही. याच दिवसांत वही-पेन्सिल घेऊन माशांची यादी करायची.

चार प्रश्न विचारा

खऱ्या समुद्रात एका माशाने दुसऱ्याला हुसकावलं तर हरलेला मासा पळून जातो. दुसरा खडक शोधतो. भांडण मिटलं! दोन फुटांच्या टाकीत पळणार कुठे? हरलेला कोपऱ्यात दबून बसतो, खाणं सोडतो, आजारी पडतो. म्हणून छोट्या टाकीत मासा कसा दिसतो हे नंतर बघायचं. आधी प्रत्येक माशाबद्दल चार प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न : पूर्ण वाढल्यावर हा केवढा होणार? दुकानात सगळे मासे बोटाएवढेच असतात, कारण ती बाळं असतात.

दुसरा प्रश्न : स्वभाव कसा? काही मासे भिडस्त, काही भांडकुदळ. आणि एक गंमत लक्षात ठेवा. मासे सगळ्यांत जास्त भांडतात ते आपल्यासारख्याच दिसणाऱ्या, आपल्याच आकाराच्या आणि आपलंच अन्न खाणाऱ्या माशाशी.

तिसरा प्रश्न : हा खातो काय? शेजाऱ्यालाच खात असेल तर प्रश्नच मिटला. आणि त्याचं खाणं आपल्याला देताच येत नसेल, तरीही त्याला घरी आणायचं नाही.

चौथा प्रश्न : टाकीत हा राहणार कुठे? कोणी तळाशी बीळ करतो, कोणी दगडांच्या कपारीत, कोणी मधल्या पाण्यात तरंगतो. वाड्यात जसं एक बिऱ्हाड खाली, एक माडीवर, तसं ज्याचं त्याचं घर वेगळं असलं की कटकट कमी.

हे चौघे पास!

आता काही उमेदवार तपासू.

क्लाउन फिश म्हणजे विदूषक मासा. ‘फाइंडिंग निमो’ (२००३) या चित्रपटातला निमो तो हाच. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. पूर्ण वाढ आठ-नऊ सेंटिमीटर. चुरा, गोळ्या, गोठवलेली कोळंबी, सगळं खातो. समुद्रात तो समुद्रफुलाच्या विषारी बोटांमध्ये मजेत राहतो. टाकीत मात्र समुद्रफूल नसलं तरी त्याचं काही अडत नाही. ठेवायचे तर दोनच, एक जोडी. तीन ठेवले की दोघं मिळून तिसऱ्याला छळतात. याच्यात आणखी एक नवल आहे. सगळे विदूषक मासे आधी नर असतात. गटातला सर्वांत मोठा, वरचढ मासा मादी बनतो. ती मादी मेली तर तिचा नर पुढे मादी होतो. म्हणजे निमोची आई गेल्यावर, खऱ्या समुद्रात, त्याचे बाबाच आई झाले असते! नीट निगा राखली तर हा मासा दहा वर्षांहून जास्त जगतो. आज तुम्ही पाचवीत असाल तर तुमचं कॉलेज संपेपर्यंत तो तुमच्या घरी असेल. आहे तयारी?

फायरफिश. पुढचा अर्धा भाग पांढरा, शेपटीकडे ज्वाळेसारखा लाल. पाठीवर एक लांब तुरा. लांबी आठ सेंटिमीटरच्या आसपास. स्वभावाने अगदी लाजाळू, खुट्ट झालं की कपारीत गडप! एकच ठेवायचा, कारण दोन आणले आणि त्यांची जोडी जमली नाही तर ते आपसात भांडतात. घाबरला की तो पाण्याबाहेर उडी मारतो. म्हणून टाकीवर बारीक जाळीचं झाकण हवंच हवं.

पहारेकरी गोबी आणि पिस्तूल कोळंबी. ही जोडगोळी बघण्यासारखी असते. कोळंबीला दिसतं फार कमी, पण बीळ खणण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. गोबीची नजर तीक्ष्ण, पण बीळ खणण्यात तो तिच्या जवळपासही नाही. म्हणून दोघं भागीदारीत राहतात. कोळंबी दिवसभर वाळू उपसते आणि आपली एक मिशी गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते. धोका दिसला की गोबी शेपटी हलवतो. इशारा कळला, दोघं बिळात! गोबी वाढतो दहा सेंटिमीटरांच्या आसपास आणि त्याचा मुक्काम तळाशी.

बांगाई कार्डिनल. चंदेरी अंग, काळे पट्टे, त्यावर पांढरे ठिपके. हा जगात मूळचा फक्त इंडोनेशियातल्या बांगाई बेटांच्या आसपास सापडतो. शांत, सावकाश तरंगणारा. याची अंडी आई नाही, बाबा सांभाळतात. तेही तोंडात धरून, जवळजवळ तीन आठवडे काहीही न खाता! हौशी लोकांसाठी तो इतका पकडला गेला की २००७ मध्ये त्याची नोंद संकटात सापडलेल्या प्राण्यांत झाली. म्हणून घ्यायचा तर हॅचरीत जन्मलेलाच घ्यायचा.

यांना लांबूनच नमस्कार

डोमिनो आणि इतर डॅमसेल मासे. स्वस्त आणि चिवट. दुकानदारकाका म्हणतील, “सुरुवातीला हेच न्या, मरत नाहीत.” खरं आहे, ते मरत नाहीत, बाकीच्यांना जगू देत नाहीत! काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला डोमिनो लहानपणी फार गोड दिसतो. पण तो चौदा सेंटिमीटरांपर्यंत वाढतो आणि सगळी टाकी आपल्या बापाची समजतो. नंतर त्याला बाहेर काढायचं तर सगळे दगड उपसावे लागतात.

निळा टँग, म्हणजे चित्रपटातली डोरी. ही तीस सेंटिमीटरांपर्यंत वाढते. आपली टाकीच तीस सेंटिमीटर रुंद आहे! वळायचं कसं तिने?

लायनफिश. याच्या काट्यांत विष असतं आणि तोंडात मावेल तो मासा तो गिळतो.

मँडरिन. निळ्या-नारिंगी नक्षीचा, जणू पैठणीच नेसलेला. पण याला लागतात दगडांवरचे जिवंत, अगदी बारीक कवचधारी जीव. छोट्या टाकीतले ते जीव काही आठवड्यांत संपतात आणि मासा हळूहळू उपाशी मरतो.

फुलपाखरू मासे. यांच्या बऱ्याच जाती जिवंत प्रवाळांचे कोंब खातात. दुसरं काही दिलं तर बघतही नाहीत.

समुद्रघोडा. हा इतका सावकाश खातो की बाकीचे मासे त्याच्या तोंडचा घास पळवतात. शिवाय त्याला आपल्या देशात कायद्याचं संरक्षण आहे. त्याला घरी आणायचा विचारच करायचा नाही.

मग आपली यादी काय झाली?

एक फायरफिश, एक गोबी, त्याची एक कोळंबी आणि विदूषक माशांची एक जोडी. चार मासे आणि एक कोळंबी. बस्स! बांगाई कार्डिनल हवा असेल तर फायरफिशच्या जागी. त्याच्याबरोबर नाही. “एवढी मोठी टाकी आणि चारच मासे?” असं घरी येणारे पाहुणे विचारतील. विचारू देत. साठ लिटर पाण्यात जिवाणूंची फौज जेवढी घाण निस्तरू शकते, तेवढेच मासे ठेवायचे.

कोणाला आधी सोडायचं, यालाही महत्त्व आहे. जो आधी येतो तो घर आपलं मानतो आणि मागून येणाऱ्याला पाहुणा समजतो. म्हणून लाजाळू आधी, दांडगा शेवटी. पहिला मान फायरफिशचा. दोन-तीन आठवड्यांनी गोबी आणि कोळंबी. आणखी दोन-तीन आठवड्यांनी विदूषकांची जोडी. ती जोडी आधी सोडली तर फायरफिश आयुष्यभर कपारीतच राहील. आणि जितके मासे, त्याहून जास्त कपारी ठेवायच्या. लपायला जागा असली की भांडणं निम्मी होतात.

दुकानात मासा पसंत करण्याआधी काकांना सांगा, “याला आमच्यासमोर खाऊ घालून दाखवा.” जो मासा दुकानात खातो, तो घरीही खाण्याची शक्यता जास्त. श्वास धापा टाकल्यासारखा असेल, अंगावर पांढरे ठिपके असतील, पंख मिटून कोपऱ्यात बसला असेल, तर कितीही सुंदर असो, तो घ्यायचा नाही.

हा मासा आला कुठून?

हा प्रश्नही विचारायलाच हवा. समुद्री शोभेचे पुष्कळ मासे आजही थेट समुद्रातून पकडले जातात. फिलिपीन्स आणि इंडोनेशियात काही ठिकाणी खडकांच्या कपारीत सायनाइड फवारून मासे गुंगवले गेले. त्यात आजूबाजूचे प्रवाळ मेले आणि पकडलेले मासेही पुढे काही दिवसांत मेले.

चांगली गोष्ट अशी की विदूषक मासे हॅचरीत वाढवता येतात. कोचीत मुख्यालय असलेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे तंत्र आपल्या देशात बसवलं आणि लोकांना शिकवलंही. नवी मुंबईत ऐरोलीलाही वन विभागाच्या मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनच्या केंद्रात समुद्री शोभेच्या माशांची हॅचरी उभी राहिली. हॅचरीतला मासा लहानपणापासून टाकीत वाढलेला असतो. गोळ्या-चुरा खायला तो शिकलेला असतो आणि त्याच्यासाठी कुठला खडक रिकामा झालेला नसतो. चार पैसे जास्त पडले तरी असाच मासा मागा.

चौकट : प्रवाळ घरी आणायचा नाही!

प्रवाळ म्हणजे दगड नाही आणि झाडही नाही. ती असंख्य चिमुकल्या प्राण्यांची वसाहत असते. आपल्या महाराष्ट्रातही प्रवाळ आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास ते आढळतात. तिथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं. किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, खोल समुद्रात आंग्रिया बँक नावाचा प्रवाळांचा मोठा उंचवटा आहे. त्याला नाव मिळालं ते कान्होजी आंग्रे यांच्यावरून.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली समुद्रघोडे आणि दगडी प्रवाळ आले. वाघाला जे संरक्षण, तेच यांना! समुद्रातून प्रवाळ तोडणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. म्हणून आपल्या टाकीत सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे बनवलेले खडक ठेवायचे. माशांना कपार मिळाली म्हणजे झालं.

अंबाजोगाईची खास अडचण

समुद्रात पाणी बारा महिने जवळजवळ सारखं. आपल्या टाकीचं पाणी २४ ते २७ अंश असावं लागतं आणि मे महिन्यात गावात पारा चाळिशी गाठतो. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि मासे वर येऊन धापा टाकतात. उपाय म्हणजे टाकी गार खोलीत, उन्हापासून दूर ठेवायची आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडायचा. दोन-तीन अंश उतरतात. पण वाफ जास्त होते.

आता एक गणित. साठ लिटर पाण्यात २१०० ग्रॅम क्षार आहेत. तीन लिटर पाणी उडून गेलं. क्षार उडत नाहीत! उरल्या ५७ लिटरांत तेच २१०० ग्रॅम. म्हणजे लिटरला ३५ चे झाले जवळपास ३७ ग्रॅम. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी खारं नव्हे, गोडं आरओ पाणी घालायचं. तेही रोज थोडं थोडं.

वीज गेली तर? बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधीच आणून ठेवायचा. खाऱ्या पाण्याच्या टाकीत फिरतं पाणी थांबलं की काही तासांत धोका सुरू होतो.

आणि पाणी! एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने प्यायचं पाणी आणावं लागलं होतं. ज्या मांजरा धरणावर लातूरची तहान, त्याच्यावरच आपलीही. अशा मुलुखात टाकी ठेवायची तर हिशेबाने. आठवड्याला सहा लिटर पाणी बदलायचं, शिवाय वाफेची भरपाई. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरायचं. गावात टँकर सुरू असेल त्या वर्षी नवी टाकी लावायचीच नाही.

आई-बाबांसाठी

टाकी, दिवे, पंप हा खर्च एकदाचा. मीठ, वीज, पाणी तपासायची किट, खाणं हा खर्च दर महिन्याचा. तो झेपणार असेल तरच “हो” म्हणा. भरलेली टाकी दगड-वाळूसकट ऐंशी-नव्वद किलोंच्या घरात जाते, तेव्हा स्टँड भक्कम हवा. वायरीला खालच्या बाजूला झोळ ठेवा, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत जाणार नाही. मुलांनी पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढलेले असावेत. मासे पुण्या-मुंबईहून आणायचे तर प्रवास लांबचा. प्राणवायू भरलेल्या पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात घालून, रात्रीच्या गाडीने, तेही थंडीत किंवा पावसाळ्यात आणा. घरी आल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या. मग टाकीचं पाणी थोडं थोडं पिशवीत घाला. पिशवीतलं पाणी मात्र टाकीत ओतू नका.

आणि कंटाळा आला म्हणून मासे नदीत किंवा विहिरीत सोडायचे नाहीत. समुद्री मासा तिथे तडफडून मरेल. त्याला जगता येईल अशा पाण्यात सोडलं तर आणखी वाईट. आपल्याकडच्या समुद्रांतला लायनफिश १९८५ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यावर दिसला, बहुधा कुणीतरी टाकीतून सोडलेला. आज तिथल्या आणि कॅरिबियन समुद्रातल्या छोट्या माशांना त्याने हैराण केलं आहे.

करून बघा : कागदाची टाकी

टाकी विकत घ्यायची असो वा नसो, हा खेळ सगळ्यांना खेळता येईल. जुन्या वर्तमानपत्रावर ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद असा चौकोन आखा. हा टाकीचा तळ. आता पुठ्ठ्याचे मासे कापा, पूर्ण वाढ झालेल्या मापाचे. विदूषक ८ आणि ६, फायरफिश ८, गोबी १०, डोमिनो १४, डोरी ३०. चौकोनात पाच-सहा खडे ठेवा, त्या झाल्या कपारी. मग एकेक मासा ठेवून सरकवत बघा. डोरीला वळवून दाखवा पाहू! डोमिनोपासून फायरफिश लपवायला जागा सापडते का?

मित्र-मैत्रिणींना बोलवा. प्रत्येकाने आपल्या आवडीचे चार मासे निवडायचे आणि इतरांनी ते चार प्रश्न विचारायचे. एकाही प्रश्नाचं उत्तर अडलं तर तो मासा बाद. चार आठवडे रोज खेळलात तरी चालेल. तेवढ्यात खऱ्या टाकीतले जिवाणूही तयार होतील!